मैनाबाई कुरुळीकरांची सही

चिंचवड स्टेशनाकडून गावठाणात येणाऱ्या रस्त्यावर आमची खोली होती. दारावर पाटी होती, ‘सह्या व हस्ताक्षरे तपासून मिळतील’. ती वाचून सुरुवातीलाच एक बाई मुलाची शुद्धलेखनाची वही घेऊन आल्या आणि हे अक्षर तपासून सुधारून द्या म्हणाल्या. मी त्यांना पाणी दिलं आणि आमचं काम वेगळं असतं हे समजावून सांगितलं. त्या जाताना म्हणाल्या, मग पाटीवर तसं लिहा की. त्यांचं बरोबर होतं, पण काय लिहावं ते मला आजतागायत सुचलेलं नाही.

हे काम मूळचं माझ्या वडिलांचं, दादांचं. पुण्याच्या कोर्टात त्यांच्या शब्दाला मान होता. खतावरची सही त्याच माणसाची आहे का, मृत्युपत्रात मागाहून कुणी ओळ घुसडली आहे का, असले प्रश्न त्यांच्याकडे यायचे. पुढे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तेव्हा भिंगातून मी पाहायची आणि दिसेल ते त्यांना सांगायची. ते प्रश्न विचारायचे, मी पुन्हा पाहायची. असं करता करता काम माझ्या हातात कधी आलं हे दोघांनाही कळलं नाही. दादा गेल्यावर लोक दारात उभे राहून विचारायचे, साहेब कुठे आहेत? मी म्हणायची, मीच साहेब, बसा. काही बसायचे, काही चप्पल न काढताच परत जायचे. एकोणीसशे पन्नासनंतरचे ते दिवस होते. पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहत होते, जमिनींची खरेदीखतं होत होती आणि सह्यांवरून भाऊबंद एकमेकांशी बोलेनासे होत होते. त्यामुळे गेलेले बरेचसे गरजेपोटी पुन्हा आले.

गिऱ्हाइकं तऱ्हेवाईक असायची. एका कारखान्यातला फोरमन आला होता. प्रेस मशीनमध्ये त्याचं बोट चेमटलं होतं आणि त्यानंतर सही बदलली म्हणून बँक त्याला त्याचेच पैसे देईना. तो माझ्यासमोर बसून म्हणाला, “बाई, मी मीच आहे असं लिहून द्या.” मी त्याच्याकडून वीसेक सह्या करून घेतल्या आणि तसं लिहूनही दिलं. दुसरे एक हेडक्लार्क होते. एका नामवंत फलंदाजाची सही त्यांनी चौकटीत बसवून आणली होती. भिंगाखाली तिच्यात बारीक बारीक ठिपके दिसले. सही छापलेली होती. मी त्यांना भिंगातून पाहू दिलं. ते बराच वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले, छपाई मात्र सुरेख आहे हो. ती चौकट पुढेही त्यांच्या घरात भिंतीवर होती.

बाहेरच्या माणसाला वाटतं की आम्ही दोन सह्या शेजारी ठेवतो आणि सारख्या दिसतात का ते बघतो. तेवढंच असतं तर कुणालाही जमलं असतं. सारखेपणा तर खोटी सही करणाराही आणतो, त्याचा सगळा जीव त्यातच असतो. आम्ही बघतो हाताची चाल. पेन कुठे टेकलं, कुठे उचललं, कुठे दाब पडला, कुठे वळण घेताना हात कचरला. स्वतःची सही करणारा माणूस सहीकडे बघतसुद्धा नाही. दुसऱ्याची करणारा जपून, थांबत थांबत करतो आणि ती जपणूक शाईत उतरते. दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे कुठली आधी ओढली आणि कुठली नंतर, तेही नीट पाहिलं तर कळतं. पण हे सगळं कळायला शेजारी ठेवायला एक नमुना लागतो, नक्की त्याच माणसाची म्हणून ठाऊक असलेली सही. आमची सगळी भिस्त त्या नमुन्यावर. ही गोष्ट त्या नमुन्याचीच आहे.

दत्ताराम मेस्त्री माझ्याकडे आला तो कारखान्यातून परस्पर, निळ्या कपड्यांवर. कुडाळकडचा माणूस, फिटरचं काम करायचा आणि पिंपरीला चाळीत आईबरोबर राहायचा. काखेतल्या पिशवीतून त्याने जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला एक फोटो काढला. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कडा पिवळ्या पडलेल्या. फोटोत नाकात नथ घातलेली, मान थोडी वळवून बघणारी एक तरुण नटी होती आणि खाली पुठ्ठ्यावर निळ्या शाईत सही होती, ‘मैना कुरुळीकर’.

हे नाव आजच्या वाचकांना ठाऊक असण्याचं कारण नाही. त्या काळी मात्र आमच्या भागात ते घरोघरी माहीत होतं. गावोगाव फिरणाऱ्या एका संगीत नाटक मंडळीत मैनाबाई नायिकेची कामं करायच्या. लोक बैलगाड्या जुंपून त्यांचं गाणं ऐकायला जायचे. मग मंडळी मोडली, बाई दिसेनाशा झाल्या. कुणी म्हणे मुंबईला गेल्या, कुणी म्हणे वारल्या.

दत्तारामचे वडील विश्राम मेस्त्री त्याच मंडळीत पडदे रंगवायला होते. राजवाडा, अरण्य, नदीकाठ, सगळे पडदे त्यांच्या हातचे. गावात त्यांना कुणी किंमत दिली नाही. शेत टाकून नाटकवाल्यांच्या मागे गेलेला माणूस अशीच त्यांची ओळख राहिली आणि ते बोलणं आयुष्यभर बायकोला ऐकून घ्यावं लागलं. मंडळी मोडल्यावर ते घरी आले ते हा एक फोटो घेऊन. बाईंनी मला हातात दिला, सही करून दिला, एवढंच ते सांगायचे. ते गेल्यावर दत्तारामच्या आईने तो भिंतीवर लावला. आल्यागेल्याला ती तो दाखवायची. नवऱ्याने आयुष्यात काहीतरी केलं याची तिच्याजवळ तेवढीच खूण होती.

आता झालं होतं असं की, चिंचवडला काही हौशी मंडळींनी स्वाक्षरी मंडळ काढलं होतं. सह्या जमवायचं वेड तेव्हा जोरात होतं. मंडळाने जुन्या कलावंतांच्या सह्यांचं प्रदर्शन ठरवलं आणि लोकांकडून वस्तू मागवल्या. दत्ताराम फोटो घेऊन गेला. तिथे मंडळाचे प्रमुख आपटेसाहेब बसले होते. हे एका कारखान्यात इंजिनिअर होते आणि मैनाबाईंच्या सह्यांचा त्यांच्याकडे चांगला संग्रह होता. त्यांनी दत्तारामचा फोटो पाहिला, स्वतःचे फोटो काढून शेजारी ठेवले आणि चारचौघांत सांगितलं की ही सही बनावट आहे. त्यांच्या सह्यांबरोबर मुंबईच्या एका विक्रेत्याचं सर्टिफिकेट होतं, जाड कागदाचं, सोनेरी शिक्क्याचं. दत्तारामजवळ आईच्या साडीचा तुकडा होता.

चाळीत बातमी त्याच्या आधी पोचली. त्याच्या आईने कुणाशी न बोलता फोटो खिळ्यावरून उतरवला आणि ट्रंकेत टाकला. दत्ताराम तो ट्रंकेतून काढून माझ्याकडे घेऊन आला होता.

“बाई, सही खोटी निघाली तरी चालेल,” तो म्हणाला. “पण माझा बापूस खोटं बोलणारा माणूस नव्हता. तेवढं बघा.”

मी त्याला सांगितलं की माणूस खरं बोलत होता की नाही हे भिंगातून दिसत नाही. तरी फोटो ठेवून घेतला.

पाहायला बसले तेव्हा पहिल्यांदा मीही आपटेसाहेबांच्याच बाजूची होते. त्यांना निरोप पाठवला, तर त्यांनी आपला संग्रह स्वतः आणून दिला. माणूस ताठ होता पण उघड्या मनाचा. त्यांच्याकडचे चार-पाच फोटो मी ओळीने मांडले. सगळ्या सह्या एका हातच्या, एकमेकींशी तंतोतंत जुळणाऱ्या. ‘म’ची गाठ डौलदार, शेवटच्या ‘र’ला लांब शेपूट. दत्तारामच्या फोटोतली सही त्यांच्याशी कुठेच जुळेना. अक्षर मोठं, बाळबोध, शेपूट नाहीच. दुसरं कुणी असतं तर तिथेच निकाल देऊन मोकळं झालं असतं.

पण मला एक गोष्ट सोडेना. खोटी सही खरीसारखी दिसायची धडपड करते. ही धडपडतच नव्हती. मैनाबाईंची म्हणून जी सही सगळ्यांना माहीत होती, तिची नक्कल करायचा प्रयत्नसुद्धा कुणी केला नव्हता. अक्षरं सावकाश काढली होती, पण कचरत काढलेली नव्हती. नवीन शिकलेलं माणूस जसं मन लावून लिहितं तशी होती. आणि आणखी एक चमत्कारिक गोष्ट होती. आपण लिहिताना अक्षरं काढतो आणि मग वरून रेघ ओढतो. आपटेसाहेबांच्या सगळ्या सह्यांत तसंच होतं. या सहीत उलटं होतं. वरची रेघ आधी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि अक्षरं मागाहून तिच्याखाली लावलेली. दोरीवर एकेक कपडा वाळत घालावा तशी. अक्षराची उभी काठी जिथे रेघेला मिळत होती तिथे प्रत्येक ठिकाणी काठीची शाई रेघेच्या वर आलेली होती. इतकी वर्षं हे काम केलं, पण असं लिहिणारं माणूस मी पाहिलेलं नव्हतं.

मी दोघांना एकत्र बोलावलं. आपटेसाहेब खुर्चीत बसले, दत्ताराम उभाच राहिला. मी बसायला सांगितलं तेव्हा दाराजवळच्या स्टुलावर टेकला. मी त्यांना जसं आहे तसं सांगितलं. दोन्हीकडच्या सह्या एका हातच्या नाहीत. दत्तारामची सही नक्कल वाटत नाही. आणि यातली मैनाबाईंची कुठली, हे मला सांगता येत नाही, कारण खात्रीचा नमुना माझ्याकडे नाही.

आपटेसाहेबांना ते लागलं. सर्टिफिकेट पुढे करून ते म्हणाले की खात्रीचा नमुना हाच. मी विचारलं, या विक्रेत्याने मैनाबाईंना सही करताना पाहिलं होतं का? नसेल, तर त्याने कशावरून ठरवलं असेल? दुसऱ्या कुणाकडच्या अशाच सहीवरून. आणि त्याने? तिसऱ्याकडच्या. त्या सोनेरी शिक्क्यामागे एवढंच होतं. खरं सांगायचं तर माझ्या शिक्क्यामागेही पुष्कळदा एवढंच असायचं.

आपटेसाहेब रागावून उठून जातील असं मला वाटलं होतं. पण ते म्हणाले, “आमच्याकडे तयार केलेला जॉब मापाच्या गेजशी जुळला नाही, तर नुसता जॉब फेकून देत नाहीत. गेजही तपासतात.” आणि दत्तारामकडे वळून विचारलं, “काय हो मेस्त्री?”

“व्हय साहेब,” दत्ताराम म्हणाला. त्या खोलीत तो पहिल्यांदाच हसला.

गेज तपासायचं म्हणजे मैनाबाईंना गाठायचं, निदान त्यांच्या माणसांना. त्या कुठे असतील यावर आपटेसाहेब मुंबईची नावं घेऊ लागले. बाईंच्या आडनावातच गावाचं नाव होतं आणि चाकणच्या वाटेवरची कुरुळी आमच्यापासून फार लांब नव्हती. पण तिथे जाऊन कुणाला विचारावं हे त्यांच्या चाहत्यांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही, ते मला दत्तारामने सुचवलं.

एका रविवारी आम्ही तिघं एसटीने निघालो. मोशीजवळ इंद्रायणी ओलांडली, पुढे फाट्यावर उतरून चालत गेलो. दोन्ही बाजूंना कांद्याचे वाफे होते. गावात पहिल्याच माणसाला विचारलं, तर त्याने हात करून घर दाखवलं. एवढं सोपं होतं ते.

अंगणात मैनाबाईंचा पुतण्या ज्ञानोबा बैलांना वैरण टाकत होता. त्याने आम्हाला, विशेषतः आपटेसाहेबांच्या हॅटला, पाहिलं आणि हातातली पेंढी तशीच ठेवून तो सरळ उभा राहिला. पिंपरीकडे जमिनी गेल्याच्या बातम्या तिथवर पोचल्या होत्या. “जिमिनीचं असंल तर आमी इकणार न्हाई,” तो म्हणाला. मी म्हटलं, जमिनीचं नाही, आम्हाला मैनाबाईंना भेटायचंय. त्याला ते जास्तच अवघड वाटलेलं दिसलं. आत्याला भेटायला कुणी येऊन फार वर्षं झाली होती.

बाई ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर निपचित होता, डाव्या हाताने एकेक शेंग जमिनीवर दाबून फोडत होत्या. अर्धांगाच्या झटक्याने हात गेला आणि त्यातच रंगभूमी सुटली, हे नंतर कळलं. चेहरा तोच होता, वय झालेला. बसा म्हणाल्या तो आवाज ऐकून आपटेसाहेबांनी हॅट काढून हातात घेतली.

मी प्रथम आपटेसाहेबांचे फोटो त्यांच्यापुढे ठेवले. सही तुमचीच का, असं न विचारता नुसतं विचारलं, की हे आठवतं का. त्यांनी एकेक फोटो उचलून दूर धरून पाहिला आणि त्यांना हसू आलं.

“ही आमच्या मॅनेजरची सही. लई झोकात करायचा. गठ्ठा घिऊन बसायचा आन सपासप वढायचा.” मग आम्हाला काही कळलं नसावं असं वाटून त्यांनी समजावलं, “मला तवा लिवता कुटं येत हुतं? पाठ सगळं तोंडी करायचे मी.”

आपटेसाहेबांनी फोटो परत घेतले, एकावर एक नीट रचले. त्यांच्याकडे बघवेना. माणसाने वर्षानुवर्षं जमवलेली गोष्ट अशी शेंगांच्या टरफलांत पडलेली पाहणं सोपं नसतं.

मग मी दत्तारामचा फोटो दिला. तो त्यांनी दूर धरला नाही. मांडीवर ठेवला आणि सहीवरून बोट फिरवलं.

“ही माजी,” त्या म्हणाल्या.

दत्ताराम पुढे झाला. विश्राम मेस्त्रींना दिलेला का, असं त्याने विचारलं. बाईंनी नाव मनातल्या मनात घोळवलं. आठवेना. त्या मान हलवत म्हणाल्या की ह्या नावाचं कुणी ध्यानात येत नाही, बाबा. दत्तारामने खाली पाहिलं. सही खरी ठरली होती, आणि तो ज्यासाठी आला होता ते मात्र हातचं गेलं होतं. फोटो वडिलांनी कुठून तरी पैदा केला असेल, कुणाचा उचललाही असेल, असं आता कुणीही म्हणायला मोकळं होतं.

मला माझं काम पुरं करायचं होतं. तोंडचा शब्द होताच, पण मला हाताची चाल पाहायची होती. मी बाईंना म्हटलं, एक सही करून द्याल का? त्या म्हणाल्या, उजवा हात मेला, डाव्याने जमेल तशी करते. मी पाटावर कागद लावून दिला, पेन उघडून दिलं.

सही वेडीवाकडी झाली. मी ती निकालासाठी एखाद्या तपासनिसाकडे पाठवली असती तर त्याने आधीच्या दोन्ही सह्यांशी ताडून सरळ खोटी ठरवली असती, आणि ती आम्हा तिघांच्या डोळ्यांसमोर केलेली होती. पण अक्षरं काढायच्या आधी बाईंनी कागदावर एक लांब आडवी रेघ ओढली होती. मग तिच्याखाली ‘म’ लावला होता.

मी विचारलं, बाई, रेघ आधी का हो ओढलीत?

“मग अक्षरं कशावर टांगायची?” त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. “मला तसंच शिकवलंय. पाट्या रंगविताना तो आधी वर खडू लावल्याली दोरी ताणून मारायचा. टण्णकन. मग खाली एकेक अक्षर. म्हणायचा, रेघ सरळ आसली म्हंजी अक्षर पडत न्हाई.”

मी विचारलं, तो कोण?

“पडद्यावाला. नाव काय आसंल ते आसंल, समदे त्याला पडद्यावालाच म्हनायचे. कोकनातला हुता. मासळी मिळाली न्हाई की तोंड येवढंसं व्हायचं त्याचं. मॅनेजर माज्या नावानं सह्या करतो म्हनून मला लाज वाटायची, ते त्येला कळलं. मग दुपारी पडदे वाळत पडले की मला पाटीवर नाव गिरवाया लावायचा. पयली सही केली ती ह्याच्यावर. त्यालाच दिली. दुसऱ्या कुनाला देनार?”

दत्तारामने वडील काय काम करायचे हे तिथे एका शब्दाने सांगितलेलं नव्हतं. मी सांगितलेलं नव्हतं. तो ओसरीच्या कडेला बसला आणि म्हणाला, “तो माझा बापूस.”

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग ज्ञानोबाला हाक मारून चहा टाकायला सांगितलं आणि दत्तारामला जवळ बोलावून विचारलं की पडद्यावाला आता कुठे असतो. तो वारला हे ऐकल्यावर त्या शेंगा फोडायच्या थांबल्या. पुढचा बराच वेळ त्या एकट्याच बोलत होत्या, कुठल्या गावी पाऊस येऊन अरण्याच्या पडद्याचा रंग ओघळला आणि पडद्यावाल्याने रातोरात त्याचा धबधबा केला, असलं. दत्तारामला हे सगळं नवीन होतं. वडील घरी फारसे बोलत नसत.

येताना एसटीत आपटेसाहेब खिडकीशी बसले होते. मी त्यांना म्हटलं, तुमच्या सह्या प्रदर्शनात लावू नका, कुणाला काही कळायचं नाही. ते म्हणाले, लावणार. आणि त्यांनी लावल्या. खाली स्वच्छ अक्षरात चिठ्ठी होती की या सह्या नाटक मंडळीच्या मॅनेजरने मैनाबाईंच्या नावाने केल्या असून संग्राहकाने त्या अस्सल समजून जमवल्या होत्या. मधोमध दत्तारामचा फोटो होता आणि त्याच्या चिठ्ठीत विश्राम मेस्त्री, पडदे रंगवणारे, असं पूर्ण नाव होतं. ज्या चारचौघांत त्यांनी ती सही बनावट म्हटली होती, त्यांना आपटेसाहेबांनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. मुंबईचं सर्टिफिकेटही एका कोपऱ्यात लावलेलं होतं. लोक ते फार आवडीने वाचत होते.

प्रदर्शनाला मैनाबाई स्वतः आल्या. ज्ञानोबाने बैलगाडी जुंपून फाट्यापर्यंत आणलं, पुढे आपटेसाहेबांनी मोटार पाठवली. शाळेच्या सभागृहात त्यांना खुर्चीवर बसवलं आणि बघता बघता सही घ्यायला रांग लागली. कारखान्यातले कामगार होते, गावठाणातल्या बायका होत्या, लहानपणी बाईंचं गाणं ऐकलेली म्हातारी माणसं होती. रांगेत कोरा कागद हातात धरून आपटेसाहेबही उभे होते. त्यांच्यापुढचा माणूस त्यांना पुढे व्हा म्हणत होता आणि ते नको नको म्हणत होते.

मी शेजारीच उभी होते. एक अडचण झाली. बाई डाव्या हाताने लिहीत, उजवा हात निकामी, त्यामुळे कागद सारखा सरकायचा. दत्तारामची आई नऊवारी नेसून एका बाजूला उभी होती. इतका वेळ ती फोटोपाशीच होती. ती पुढे आली, बाईंच्या शेजारी बसली आणि तिने दोन्ही हातांनी कागद दाबून धरला. मग प्रत्येक कागद तीच धरत गेली.

मधे रांग जराशी ओसरली तेव्हा मैनाबाई तिला म्हणाल्या की तुमचा मालक फार बोलायचा नाही, पण शिकवायचा लई नीट.

“माका कधी शिकवल्यानी नाय,” दत्तारामची आई म्हणाली. तक्रार नव्हती, नुसतं सांगितलं.

मैनाबाईंनी एक कोरा कागद ओढला आणि पेन तिच्या हातात दिलं. “मग मी शिकविते. वड आधी रेघ.”

त्या दिवशी ती नुसती रेघच शिकली. पण पुढे सुट्टीच्या दिवशी दत्ताराम तिला कुरुळीला सोडायचा आणि संध्याकाळी घेऊन यायचा. वर्षभरात ती स्वतःचं नाव लिहायला लागली. दत्तारामने मला येऊन सांगितलं, आता आई रेशनच्या दुकानात अंगठा लावायला तयार होत नाही, मागे रांग खोळंबते.

माझ्या कामात मात्र त्यानंतर एक बदल झाला. निकाल लिहिताना, ताडून पाहिलेला नमुना कुणी दिला आणि तो खरा असल्याचं मला कशावरून कळलं, हे मी आधी लिहू लागले. पुष्कळ गिऱ्हाइकांना ते आवडत नसे. त्यांना शिक्का हवा असायचा, शंका नको असायची. काही तेवढ्यावरून दुसरीकडे गेली. कोर्टात मात्र एकदा एका न्यायाधीशांनी तो परिच्छेद मोठ्याने वाचायला लावला आणि असं सगळ्यांनी लिहावं म्हणाले. दादा असते तर त्यांना मी हे मुद्दाम वाचून दाखवलं असतं.

मैनाबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. ताथवड्याची एक शिक्षिका माझ्याकडे आली. वडिलांच्या सामानात तिला एक कागद सापडला होता, त्यावर वेड्यावाकड्या अक्षरांत ‘मैना कुरुळीकर’. तिने तो पुण्यात एका जाणकाराला दाखवला होता. त्याने उपलब्ध सह्यांशी जुळत नाही म्हणून सांगितलं होतं आणि त्याचं काही चुकलं नव्हतं. मलाही नुसता कागद पाहून तेच म्हणावं लागलं असतं. पण कागदाच्या खालच्या कडेला दोन ठिकाणी, कुणी दोन्ही हातांनी दाबून धरावं तसे, घामेजल्या बोटांचे अस्पष्ट ठसे होते.

तिने भीत भीत विचारलं, याचं सर्टिफिकेट मिळेल का? तिच्या वडिलांचा या सहीवर फार जीव होता.

आमच्या निकालाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. ‘माझ्या मते’ असं आम्ही सुरू करतो. कायद्यालाही तेच हवं असतं आणि आपलीही तेवढीच ऐपत असते. मी कागद घेतला, सवयीने ते दोन शब्द लिहिले, आणि मग खोडून टाकले. त्याच्याखाली लिहिलं, ‘ही सही होताना मी तिथे होते. मी पाहिली आहे.’